झडपेवरचं झाड

आजच्या सभेचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या तलावाच्या नौकाविहार समितीचे अध्यक्ष, म्हणजे लपवून काय करायचं, माझा सख्खा भाचा. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले आणि मी उभी राहिल्यापासून घड्याळ बघणारे समितीचे चिटणीस. वरच्या कचेरीतून मुद्दाम आलेले मोठे साहेब, ज्यांचं नाव मघाशी दोनदा घेतलं गेलं आणि दोन्ही वेळा वेगळं घेतलं गेलं. ज्यांच्यासाठी ही सगळी फुलं आणली त्या धरण तपासणाऱ्या इंजिनिअर बाई. आणि समोर बसलेल्या माझ्या लेकी-सुना, जावई, नातवंडं, ज्यांना मी ओळखते ते आणि जे मला टाळतात ते. शिवाय चहा येईल म्हणून दाराशी उभी असलेली मंडळी, तुम्हा सर्वांना या म्हातारीचा नमस्कार.

प्रथम एक विनंती. माझ्यापुढे टेबलावर हा जो पाण्याचा पेला झाकून ठेवलाय, तो कुणी पिऊ नये. चिटणीससाहेब, तुम्ही तर नाहीच. तो मी घरून आणलाय. तो कशासाठी, ते सांगते, पण क्रमाने सांगते.

माझ्या हातात कागद नाही. असता तरी मला काय वाचता येतंय! मला अक्षर ओळखता येत नाही हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरीही निवडणुकीच्या वेळी पत्रकं माझ्याच दारात पडतात. काल मी सुनेला समोर बसवून एक गोड भाषण लिहून घेतलं होतं. चिटणीस म्हणाले होते, "आजी, दोन शब्द चांगले बोला, बाई तुमच्याकडेच राहायला होत्या." चांगले दोन शब्द लिहूनही झाले होते. ते घरी राहिले. आज दुपारी घरून निघताना ते आणावेसे वाटले नाहीत.

तर या बाई. त्यांचं नाव आपण कुणी कधी नीट घेतलंच नाही. आल्या त्या आठवड्यात बांधाच्या पायथ्याशी गुडघे टेकून ओल्या मातीत बोट घालताना दिसल्या, तेव्हापासून पाझरबाई. समोर बाई, मागे पाझरबाई. बाई, तुम्हाला माहीत नसेल असं वाटतं का यांना? माझ्याकडे राहायला आलात त्याच दिवशी माझ्या नातीने तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, "पाझरबाई तुम्हीच का?" आणि तुम्ही म्हणालात, "हो, पण मी गळत नाही, गळणारं शोधते."

त्या वेळी त्यांना वरच्या आळीत चांगली हवेशीर खोली मिळत होती. ती सोडून त्या तळच्या गल्लीत माझ्या माडीवर आल्या. मी म्हटलं, "बाई, इथे मागच्या दारात उभं राहिलं की समोर बांध. आकाश दिसायला मान मोडावी लागते. तुम्हाला भीती नाही वाटणार?"

"वाटेल," त्या म्हणाल्या. "भीती वाटली की मी जास्त नीट तपासते."

मी त्याच दिवशी भाडं कमी केलं. माझ्या सुनेला वाटलं, म्हातारी चळली.

मोठे साहेब परगावचे आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचा तलाव मोठा नाही. शेताला पाणी देत नाही, दिवा लावत नाही. माणसांनी संध्याकाळी होडीत बसावं, काठावर शेंगा सोलत गप्पा माराव्यात, एवढ्यासाठीच कुणी तरी हौसेने ओढ्याला आडवा मातीचा बांध घातला. दगड नाही, सिमेंट नाही, चोपून चोपून बसवलेली माती. उंची दोन मजली घराएवढी. बांधाच्या वर फिरायची वाट, एका टोकाला जास्तीचं पाणी जायला सांडवा, मधोमध तळाशी एक पाइप आणि तो उघडायला झडप. बांधाच्या पाण्याकडच्या अंगाला होड्या, आणि दुसऱ्या अंगाला आम्ही. आम्ही म्हणजे तळची गल्ली.

आणि बांधावर आमची माणसं.

साहेब, घाबरू नका, पुरलेली नाहीत. इथे कुणी गेलं की घरचे बांधावर एक झाड लावतात. खोडाला पत्र्याची पट्टी, पट्टीवर नाव. ही रीत कुणी सुरू केली ते आता कुणालाच आठवत नाही, पण मोडायची हिंमत कुणाची नाही. मला पट्ट्या वाचता येत नाहीत, मला झाडंच पाठ आहेत. ते जाड बुंध्याचं, पसरलेलं, ती आमची सुईण. तिच्या शेजारी सडपातळ, वाऱ्यात जास्त हलणारं, ते मास्तर. माझ्या नवऱ्याचंही आहे. जन्मभर त्याला कधी सरळ उभं राहता आलं नाही, झाडही तसंच निघालं, पाण्याकडे कललेलं. मी फिरायला गेले की त्याला विचारते, "अजून पडला नाहीस?"

हसा. हसायला बंदी नाही. पण पुढचं ऐका.

दोन पावसाळ्यांपूर्वी वादळात शिंप्याच्या आईचं झाड पडलं. पडताना मुळांसकट आलं आणि बांधाचा एक मोठा लचका घेऊन आलं. म्हैस बसेल एवढा खड्डा. समितीने काय केलं? पाडलेल्या घरांचा राडारोडा आणून खड्डा भरला, वर हिरवळ लावली, आणि खड्डा दिसू नये म्हणून त्यावर एक बाक ठेवला. सुंदर बाक आहे. पाठीला टेकू आहे, तलाव समोर दिसतो. बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्या बाकाचे पाय बघितले. मागचे दोन पाय मातीत गेले होते.

"आजी, या बाकावर बसणारे लोक फार जाड आहेत का?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "चिटणीस बसतात अधूनमधून."

चिटणीससाहेब, तुम्ही रागावू नका, तेव्हा तुमचं वजन जास्त होतं.

मग त्यांनी मला माझ्याच स्वयंपाकघरात बसून समजावलं. मी म्हटलं होतं, सगळे म्हणतात तेच, की बाई, मुळं तर माती धरून ठेवतात. त्या म्हणाल्या, "धरतात, आजी. डोंगरउतारावर धरतात, शेताच्या कडेला धरतात. पण इथे पलीकडून पाणी ढकलत असतं. मोठ्या झाडाची काही मुळं आतल्या आत मरतात, कुजतात. जिथे मूळ होतं तिथे नळी उरते. पाण्याला फक्त सुरुवात लागते."

"म्हणजे आमच्या दातांसारखं. दात गेला की हिरडीत भोक."

"अगदी तसंच."

"मग कवळी बसवा."

"धरणाला कवळी नसते, आजी," त्या म्हणाल्या. आणि हसल्या नाहीत.

आता मी माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं नुसतं भाषण होईल. माझा मुलगा मागच्या खोलीत झोपून असतो. तुम्हा सगळ्यांना तो माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्यांना त्यानेच वल्हं धरायला शिकवलं. अंगावरून वारं गेल्यापासून त्याची एक बाजू गेली. बोलतो, पण शब्द उचलून उचलून ठेवल्यासारखं बोलतो. त्याची खाट आम्ही मागच्या भिंतीला लावली, कारण तिथल्या खिडकीतून बांध दिसतो आणि बांधावरून कोण गेलं ते कळतं. तीच त्याची करमणूक. त्या भिंतीपलीकडे चार हातांवर बांधाचा पायथा. उद्या काही झालं तर तळची गल्ली धावेल. पोरं धावतील, बाया धावतील, हा आपला पाववाला एवढं पोट घेऊन धावेल. माझा मुलगा धावणार नाही. मी गेले कित्येक महिने रोज हाच विचार घेऊन भांडी घासते, दुसरा कुठलाही नाही.

बाईंनी मागच्या दाराशी, जिथे बांधातून बारीक धार झिरपते, तिथे एक पत्र्याची पन्हळ बसवली. तिच्याखाली रोज पेला धरायचा आणि भरला की खिडकीत उजेडाला ठेवायचा. "पाणी स्वच्छ असलं तर धरण घाम गाळतंय, गाळू दे," त्या म्हणाल्या. "गढूळ आलं तर ते आपलीच माती वाहून नेतंय. मग कुणालाही विचारत बसू नका, आजी. माणसं हलवा आणि पाणी उतरवा."

पाणी उतरवा. म्हणजे झडप उघडा. आणि इथेच आपलं सगळ्यांचं घोडं अडलं.

साहेब, तुम्हाला कागदावर कळवलं असेल की झडप "नादुरुस्त" आहे. ती नादुरुस्त नाही. ती आमच्या सगळ्यांच्या चांगुलपणामुळे बंद आहे. झडपेचं चाक बांधावर एका छोट्या विहिरीत आहे. पूर्वी वर्षातून एकदा ते फिरवायचे, तळाचा गाळ सोडायचे. माझ्या या भाच्याची मुलगी तेव्हा लहान होती. चाक फिरवायचा दिवस आला की ती त्या चाकावर बसायची आणि बाप तिला चाकासकट फिरवायचा. खिदळणं पार माझ्या मागच्या दारात ऐकू यायचं. मग एका पावसाळ्यात तापाने ती गेली. शाळेत घातली त्याच वर्षी.

तिचं झाड त्याने त्या विहिरीच्या तोंडाशी लावलं. दुसरीकडे कुठे लावणार होता?

बस, बस, बाळा. खाली बस. "आत्या, पुरे आता" काय म्हणतोस? सभेच्या अध्यक्षाने मध्ये बोलायचं नसतं, शेवटी बोलायचं असतं. ही रीत मला तूच शिकवलीस.

त्या वर्षी झडप उघडायची वेळ आली तेव्हा लोक म्हणाले, यंदा नको. बापाला कसं सांगायचं? पुढच्या वर्षीही यंदा नको. मग झाड वाढलं, मुळं विहिरीत उतरली, चाकाला वेढे बसले, आणि मग कुणी "यंदा नको" म्हणायचीही गरज उरली नाही. यात कुणी दुष्ट नव्हतं. कुणी पैसे खाल्ले नाहीत. प्रत्येकाने एका बापाचं मन राखलं. मीही राखलं, मी तर त्याची आत्या. दुष्ट माणसांनी धरण पोखरलं असतं तर त्यांना हाकलता तरी आलं असतं.

मग या बाई आल्या, आणि त्यांनी लिहून दिलं: बांधावरची मोठी झाडं टप्प्याटप्प्याने काढा, मुळांच्या जागा खणून पुन्हा माती चोपून भरा, आणि सगळ्यात आधी झडपेवरचं झाड काढून झडप चालू करा. तोवर तलावाची पातळी खाली ठेवा.

याच हॉलमध्ये सभा झाली होती, आठवतं? याच खुर्च्या. मी तिसऱ्या रांगेत होते. अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही झाडाचा घेर मोजलात. ते कुणाचं आहे ते विचारलंत?"

बाई म्हणाल्या, "विचारलं. म्हणून हा कागद लिहायला मला इतके दिवस लागले."

त्यावर कुणी तरी मागून पुटपुटलं, "पोटी मूल नसलं की असं होतं." ते कोण बोललं ते मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे, गं. मान खाली घालू नकोस, नुसती ऐक. बाईंना मूल आहे. ते दूर आजोळी वाढतंय, कारण आई दुसऱ्यांच्या धरणाखाली राहायला जाते.

ठराव नामंजूर झाला. झाडं राहिली. पाणी राहिलं. मग समितीतल्या कुणी तरी वर कुणाला तरी सांगितलं की बाईंमुळे गावाच्या भावना दुखावतात, आणि बदलीचा हुकूम आला. कोणाला हाकलायचं असलं आणि जाताना तिच्या हातात फुलांचा गुच्छ दिला, की त्याला निरोप समारंभ म्हणतात, हे मला या वयात कळलं. गुच्छ मात्र छान आहे, बाई. ठेवून घ्या. फुलांचा काय दोष?

आणि परवा काय झालं? होड्यांच्या शर्यती आल्यात. धक्क्याजवळ होड्या तळाला लागतात, पाणी थोडं चढलं तर बरं दिसेल, म्हणून समितीने सुताराला सांगून सांडव्यात फळ्या ठोकल्या. दरवर्षी ठोकतात. पाणी वर चढतं, पाहुण्यांना छान दिसतं. बाईंच्या हातातून कारभार गेला होता, त्या कुलूप-किल्ल्या परत द्यायला गावाबाहेरच्या कचेरीत गेल्या होत्या. आज तिथूनच थेट या हॉलमध्ये आल्या. म्हणून त्यांनी अजून हे पाहिलेलं नाही.

आता मी पेल्यावरचं झाकण काढते.

हे आज दुपारचं पाणी. माझ्या मागच्या दाराचं. मला लिहिता-वाचता येत नाही, पण पेल्यातून पलीकडचं बोट दिसतंय की नाही, एवढं मला दिसतं. दिसत नाहीय. आणि धार सकाळी सुईच्या दोऱ्याएवढी होती, दुपारी करंगळीएवढी झाली.

मी हा पेला घेऊन आधी चिटणीसांकडे गेले. ते इथे खुर्च्या लावून घेत होते. ते म्हणाले, "आजी, कार्यक्रमानंतर बघू, पाहुणे यायचेत." मी दोघा-तिघांना म्हटलं, माझ्या मुलाची खाट तरी उचलायला चला. ते म्हणाले, "आत्ता नको आजी, लोक घाबरतील, साहेबांसमोर गावाचं कसं दिसेल?" मी हॉलच्या दारात ओरडले असते, तर दोघींनी मला धरून म्हातारीला ऊन लागलं म्हणून घरी नेऊन निजवलं असतं. तेव्हा मला आठवलं की आज माझं भाषण आहे. आपल्या गावात ओरडणाऱ्याला कुणी ऐकत नाही, पण भाषण करणाऱ्याला कुणी मध्येच उठवत नाही. शिवाय सगळी तळची गल्ली आत्ता या हॉलमध्ये आहे, एका माणसाला आणि त्याच्याजवळ बसलेल्या माझ्या सुनेला सोडून. म्हणून मी केस विंचरले आणि आले.

घंटी वाजवू नका, चिटणीससाहेब. बाई उठल्यात, त्यांना पेला घेऊ द्या. खिडकीशी जा, बाई. सगळ्यांना दिसू दे.

काय म्हणालात? मोठ्याने सांगा, मागे ऐकू जात नाही.

बरं, मीच सांगते. बाई म्हणतात, तळच्या गल्लीतल्या एकाही माणसाने आता घरी पाऊल टाकायचं नाही. दागिने राहू देत, कोंबड्या राहू देत. सांडव्यातल्या फळ्या आत्ता काढायच्या, आणि काढणाऱ्याने कमरेला दोर बांधायचा. आणि झडप उघडायची. उघडली तर उघडली. इतक्या वर्षांनी चाक फिरेल की मोडेल, ते त्यांनाही सांगता येत नाही.

सुतार, तू ऊठ. तूच ठोकल्यास, तुलाच माहीत कुठे ठोकल्यास. शिंप्याच्या थोरल्याला बरोबर घे, त्याच्या हातात जोर आहे.

आणि आता अध्यक्ष महाराज, तुमच्याकडे येते.

बाळा, मी निघण्याआधी तुझ्या आतेभावाला विचारलं. म्हटलं, तो माझा भाचा, त्याच्या पोरीचं झाड, मी चारचौघांत कसं बोलू? तो खिडकीतून बांधाकडे बघत राहिला. मला वाटलं शब्द सापडत नाहीत. मग म्हणाला, "पोरगी... माझ्या होडीत बसायची. झाडावर नाही." एवढंच. मग तोंड भिंतीकडे फिरवलं. पुन्हा म्हणाला, "आई, भिंत वाजतेय." मी कान लावला. मला काही ऐकू आलं नाही, माझे कान आता तेवढे तिखट राहिले नाहीत. पण तळवा लावला, तर भिंत थरथरत होती, मांजर पोटाशी धरल्यासारखी.

तुझ्या मुलीला मी न्हाऊ घातलंय. तिच्या कानामागे तीळ होता, तो तुझ्या बायकोनंतर फक्त मला माहीत होता. ते झाड तोडलं तर ती दुसऱ्यांदा जाईल, असं तुला वाटतं. मला ठाऊक आहे. मला खोटं बोलून तुझी समजूत काढायची नाही. तुला तसंच वाटेल, आणि ते पुष्कळ दिवस वाटत राहील. माझ्याकडे त्यावर औषध नाही. मी एवढंच म्हणते की माझ्या मुलासाठी मला बांधावर झाड लावायचं नाही. आणि लावायची वेळ आली, तर लावायला बांधही नसेल.

...

त्याला बोलू द्या. गप्प बसा सगळे.

काय विचारलंस? "बाई, किती वेळ आहे?"

ऐकलंत? बाई म्हणतात, सांगता येत नाही.

जा, बाळा. करवतवाला दाराशीच उभा आहे, चहाला थांबलाय. तो कोटावरचा बिल्ला राहू दे, तो नंतर काढ. त्याला वाट द्या. पोरांनो, दार सोडा. आणि ऐका, जे त्याच्याबरोबर जातील त्यांनी त्याच्याशी बोलायचं नाही. धीर द्यायचा नाही, पाठीवर हात ठेवायचा नाही. दोर धरायचा, फांदी ओढायची, मुळं कापायची. तो बोलला तर ऐकायचं.

गेला.

बाई, तुम्हीही निघा त्याच्या मागे. तुमचा कारभार काढून घेतलाय, तुमची गाडी संध्याकाळची आहे, हे मला माहीत आहे. मोठे साहेब इथे बसलेत, त्यांनी आत्ता हात वर करून "नाही" म्हटलं तर थांबा. साहेब? बघा, साहेब हात वर करत नाहीत. निघा तुम्ही.

जाता जाता ऐका. मला तुमच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे होते, ते राहिलेच. तुम्ही माझ्या माडीवर राहिलात, जिन्याची तिसरी पायरी करकरते म्हणून रोज ती ओलांडून गेलात, माझ्या मुलाची झोप मोडू नये म्हणून. त्याची दाढी सुनेला जमत नव्हती, ती तुम्ही केलीत, आणि दोनदा कापलंत. तो म्हणतो, बाईंचा हात मातीला बरा. आम्ही तुम्हाला नावं ठेवली, तुमचा ठराव पाडला, तुमची बदली केली, आणि तरी तुम्ही माझ्या पेल्याकडे धावलात. याच्यापुढे मला शब्द येत नाहीत, आणि येत असते तरी आत्ता वेळ नाही. जा.

उरलेल्यांसाठी आभार. रीत आहे, पार पाडते. ज्यांनी खुर्च्या लावल्या त्यांचे आभार. रात्री त्यांवर तळच्या गल्लीतली पोरं झोपतील, तेव्हा पुन्हा लावायला या. ज्यांनी चहा केला त्यांचे आभार. आणखी एक मोठं भांडं चढवा, कपात साखर जास्त घाला, बांधावर पाठवायचा आहे. वरच्या आळीतल्या मंडळींचे आगाऊ आभार, कारण त्यांच्या घरांची दारं आज उघडी राहणार आहेत, त्यांना अजून माहीत नसलं तरी. चिटणीससाहेबांचे आभार, त्यांनी घंटी खाली ठेवली. तळच्या गल्लीत एकेका घराचं दार ठोठावून कुणी मागे राहिलं नाही ना, हे त्यांनी बघावं. तुमचा आवाज मोठा आहे, त्याचा कधी तरी उपयोग होऊ दे.

माझ्या बोलण्यात चूक झाली असेल, लहानांना टोचलं असेल, मोठ्यांचा मान राहिला नसेल, कुणाच्या गेलेल्या माणसाला मी विनाकारण मध्ये ओढलं असेल, तर म्हातारीचं तोंड म्हणून माफ करा. माफ करायचं नसेल तर उद्या भांडायला या. उद्या आपण सगळे भांडायला असू, एवढंच मला हवंय.

भाषण संपलं. टाळ्या नकोत, हात मोकळे ठेवा.

मला चार माणसं पाहिजेत. घराचं दार अरुंद आहे, गल्लीत गाडी वळत नाही, खाट आडवी करून काढावी लागेल आणि मग खांद्यावर घ्यावी लागेल. बाई म्हणाल्या जाऊ नका, ते बाकीच्यांसाठी. या चौघांना मी बोलावतेय, आणि पुढे मी चालणार आहे. माणूस मेल्यावर त्याला चार खांदे मिळतातच, तिथे या गावाने कधी कुणाला कमी पडू दिलं नाही. मला ते आज हवेत. तो डोळे उघडे ठेवून पडलाय आणि कोण कोण येतंय ते बघतोय.

कोण येतंय?